वयाची वरची अट नाही

पवनी तालुक्यात, कोंढ्यापासून थोडं आत, एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं लिपिक होते. आमच्या भागातली जी पोरं पुढे डॉक्टर झाली, त्यांच्या सत्कारात त्यांचे शिक्षक स्टेजवर बसतात, आईवडील पहिल्या रांगेत बसतात आणि लिपिक हारतुऱ्यांची पावती सांभाळतो. याबद्दल माझी तक्रार नाही. पण डॉक्टर व्हायची पहिली परीक्षा माझ्या टेबलावर होत होती, एवढं नोंदवून ठेवते.

ती परीक्षा म्हणजे पात्रता. नीटचा अभ्यास किती केला हा नंतरचा प्रश्न. आधी बसता येतं का, आणि बसून प्रवेश घेता येतो का, ते पाहावं लागतं. नियम फार नाहीत. प्रवेशाच्या वर्षी एकतीस डिसेंबरला वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. आणि विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला पन्नास टक्के, राखीव गटाला चाळीस टक्के गुण हवेत. यातलं "तीन विषयांत मिळून" एवढंच लोक वाचत नाहीत. त्यांना वाटतं, गुणपत्रिकेवर खाली जी टक्केवारी छापलेली असते तीच. मी दरवर्षी पोरांना ओरडून सांगायची की मराठीतले ऐंशी मार्क नीटला उपयोगाचे नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे माझंच काय झालं ते कळेल.

वयाच्या अटीवरून एक धनराज भुरे आठवतात. दुधाची गाडी चालवत. त्यांची मुलगी हुशार, वर्गात पहिली, पण दाखल-खारीज रजिस्टरात तिची जन्मतारीख होती एक जानेवारी. एकतीस डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस कमी. फॉर्म तारीखच घेईना.

"मॅडम, एकाच दिवसाचा तं फरक हाये," भुरे म्हणाले. "मांगं घ्या ना एक दिवस."

"दिवस माझ्या हातात नाही भाऊ."

"रजिस्टर तं तुमच्या हातात हाये."

रजिस्टर खरंच माझ्या हातात होतं. मी ते बंद केलं आणि त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. शेवटी भुरेंनी स्वतःच शोध लावला की पहिलीत घालताना गुरुजींनी तारीख अंदाजे लिहिली असणार. खरी तारीख ग्रामपंचायतीत असेल, ती नक्की डिसेंबरातली निघेल. ते मोठ्या उत्साहानं जन्माचा दाखला काढून घेऊन आले. त्यावर चार जानेवारी होती. गुरुजींनी पोरीला आधीच तीन दिवस बक्षीस दिले होते. भुरेंनी दाखला घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या एक जानेवारी." मुलगी पुढच्या वर्षी बसली. आज ती बालरोगतज्ज्ञ व्हायच्या मार्गावर आहे आणि वाढदिवस एक तारखेलाच करते.

वयाची खालची अट अशी कडक. वरची अट मात्र मधल्या काळात काढून टाकली. आमच्या कार्यालयात त्याची कोणी दखल घेतली नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना वरच्या अटीशी काय देणंघेणं?

निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं तेव्हा सुनंदा रामटेके कार्यालयात आल्या. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांच्या पुनर्वसन वसाहतीत त्या आशा म्हणून काम करत होत्या. म्हणजे गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, लसीकरणाला पोरं गोळा करायची, बाईला कळा लागल्या की गाडी बोलावून दवाखान्यात न्यायची. त्यांची मुलगी आचल आमच्याकडे बारावी विज्ञानला होती. तिचा नीटचा फॉर्म भरायला मायलेकी आल्या होत्या.

आचलचा फॉर्म झाला. फोटो, बोटांचे ठसे, सही, जातीचा दाखला, सगळं चढलं. आचल बाहेर मैत्रिणींकडे गेली. सुनंदाबाई उठल्या नाहीत.

"मॅडम, एक विचारू का? या परीक्षेले वयाची काय अट हाये?"

"सतरा पूर्ण. आचल बसते त्यात."

"वरची?"

"वरची अट नाही आता."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली एक गुणपत्रिका काढली आणि टेबलावर ठेवली. "मंग माहाही भरा."

मी आधी हसले. मग त्या हसत नाहीत हे पाहून थांबले. त्यांचं वय त्रेचाळीस होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्या बारावी विज्ञान पास झाल्या होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं.

"काहून पण?" मी विचारलं. एरवी मी कार्यालयात शुद्ध बोलायची, पण त्या दिवशी तोंडातून तेच निघालं.

"पंधरा वर्षं झाले, बायांले दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन राहिली," त्या म्हणाल्या. "दारातून आत गेल्यावर काय करते थे मले कोणी सांगत नाही. विचारलं तं म्हणते, तुमी बाहेर बसा. आता मले आत जाचं हाये."

लिपिकाला कारण लागत नाही, कागद लागतात. मी कागद पाहायला घेतले आणि खरं सांगायचं तर मला चेव आला. अशी अवघड केस इतक्या वर्षांत आली नव्हती. गुणपत्रिकेवर नाव सुनंदा हरिदास गजभिये, आधारवर सुनंदा प्रकाश रामटेके. म्हणजे विवाहाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद. जातीचा दाखला नवऱ्याकडचा चालत नाही, तो बापाकडचा लागतो. बाप वारलेले. म्हणजे भावाकडून आजोबांच्या शाळेचा पुरावा. त्या प्रत्येक वेळी दुपारच्या एसटीनं यायच्या, मी सांगितलेला कागद आणायच्या आणि पुढच्या कागदाचं नाव घेऊन जायच्या. नमुना कुठला, शिक्का कुठला, सही कोणाची, हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी फॉर्म गेला. त्या दिवशी मी घरी जाऊन मिस्टरांना सांगितलं की आज मी एक अशक्य काम केलं. ते म्हणाले, "बरं."

गुणपत्रिकेवर खाली लिहिलं होतं, एकूण सहाशेपैकी तीनशे बारा, द्वितीय श्रेणी. ते मी वाचलं होतं.

आचलला हे कळलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. मग तिनं अट घातली की शाळेत कोणाला सांगायचं नाही, आणि एकाच पुस्तकातून एकाच वेळी अभ्यास करायचा नाही. पुस्तकाच्या वेळा ठरल्या. पहाटे आईची, संध्याकाळी आचलची. भौतिकशास्त्राची गणितं सुनंदाबाई कोणाला विचारणार? त्या आमच्या पडोळे सरांना विचारायला यायच्या. सर तास संपवून स्टाफरूममध्ये आले की त्या दारात उभ्या असायच्या. सरांनी एकदा मला हळूच विचारलं, "ह्या कुठल्या खात्याच्या आहेत? रोज तपासणी चालू आहे माझी."

परीक्षा भंडाऱ्याला, मे महिन्यातल्या रविवारी. नशिबानं दोघींचं केंद्र एकच आलं. मी तिथं जायचं काही कारण नव्हतं, पण मी गेले. कारध्याचा पूल ओलांडताना बसमध्ये आचल सर्वांत पुढच्या सीटवर होती आणि सुनंदाबाई सर्वांत मागच्या. अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज, पायांत साधी चप्पल, हातात बांगडी नाही, कारण नियमात तसं होतं आणि मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

फाटकाशी आचल म्हणाली, "आई, मी जातो. तू दहा मिनिटांनी मांगून ये." आमच्याकडे पोरीही "जातो" म्हणतात.

दहा मिनिटांनी सुनंदाबाई रांगेत लागल्या. फाटकावरच्या माणसानं हात आडवा केला. "पालकांनी दोरीच्या बाहेर थांबा."

"मी पालक नाही."

"मग?"

त्यांनी प्रवेशपत्र दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. मग मागच्या माणसाला बोलावलं. त्यानंही तेच केलं. दोघांनी मिळून जन्मवर्ष वाचलं. दीड वाजता फाटक बंद होणार होतं आणि एक पंचवीस झाले होते. मी दोरीच्या बाहेरून ओरडले, "वरची अट नाही हो! वरची अट काढली!" सगळे पालक माझ्याकडे पाहायला लागले. सुनंदाबाई आत गेल्या. तीन तास वीस मिनिटं मी पालकांबरोबर निंबाखाली बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी म्हटलं, "एक आशा आहे." ती म्हणाली, "ती तर सगळ्यांनाच असते."

निकाल लागला. आचल पात्रतेच्या रेषेखाली राहिली. सुनंदाबाई थोड्याशा वर होत्या. एमबीबीएस मिळण्याइतक्या नाही, ते त्यांनाही माहीत होतं. पण होमिओपॅथीच्या एखाद्या खासगी महाविद्यालयात शेवटच्या फेरीत जागा मिळू शकेल, इतक्या. जीवशास्त्रात त्यांना लेकीपेक्षा बरेच जास्त गुण होते. आचलनं पवनीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि आईशी कामापुरतं बोलायला लागली.

राज्याच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला सुनंदाबाई माझ्याकडे आल्या. येताना त्यांनी घरच्या तांदळाचे पापड आणले होते. मी ते कपाटात ठेवले आणि फॉर्म उघडला. नाव, जात, नीटचा क्रमांक. मग बारावीचे गुण, विषयवार. भौतिकशास्त्र अडतीस. रसायनशास्त्र एकोणचाळीस. जीवशास्त्र एक्केचाळीस. मी आकडे टाकले आणि पुढे जायचं बटण दाबलं.

पान पुढे गेलं नाही. वर लाल अक्षरं आली.

मला वाटलं टायपायला चुकलं. गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरली. अडतीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस. एकशे अठरा. तीनशेचे चाळीस टक्के म्हणजे एकशे वीस. दोन गुण कमी.

मी बेरीज पुन्हा केली. खालून वर केली. कॅल्क्युलेटरवर केली. इतकी वर्षं मी पोरांना सांगत होते की खालची टक्केवारी पाहू नका, आणि मी खालची टक्केवारी पाहिली होती. बावन्न टक्के. कारण भूगोलात त्यांना पंच्याहत्तर होते आणि मराठीत एकाहत्तर.

"काय झालं मॅडम?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं. त्यांनी ते सावकाश वाचलं.

"म्हणजे मले बसताच येत नव्हतं?"

"बसता येत होतं, नीटच्या फॉर्मात विषयवार गुण विचारत नाहीत. प्रवेश घेता येत नव्हता. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"मार्क तं माहेच हायेत," त्या म्हणाल्या. "तुमी थोडेच घेतले."

"मार्क तुमचे. बेरीज माझी होती."

त्या परीक्षेपर्यंत रोज पहाटे उठल्या होत्या, लेकीशी वैर घेतलं होतं, आणि मी एक बेरीज केली नव्हती. मला वाटलं, आता या मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी गुणपत्रिका पुन्हा पन्नीत गुंडाळली, "येतो मॅडम" म्हणाल्या आणि तीनच्या एसटीला गेल्या. पापड माझ्या कपाटात राहिले. मी ते घरी नेले नाहीत. तिथे ठेवायचीही लाज वाटली, म्हणून शेवटी शिपायाला देऊन टाकले.

त्या रात्री मला झोप लागली, हे खरं सांगते. झोप गेली ती पुढच्या आठवड्यात, जेव्हा मी पात्रतेचं परिपत्रक पुन्हा काढून ओळ न् ओळ वाचलं. वाचता वाचता कळलं की मुक्त विद्यालयाची बारावी आता या प्रवेशाला चालते. पूर्वी चालत नव्हती. म्हणजे सुनंदाबाईंनी पुन्हा बारावी दिली, तिन्ही विषयांत मिळून एकशे वीसच्या वर आणले आणि पुन्हा नीट दिली, तर मार्ग होता. लांबचा होता, पण होता.

मी वसाहतीत गेले. घर शोधावं लागलं नाही, आशाचं घर सगळ्यांना माहीत असतं. त्या ओट्यावर कुणाच्या तरी बाळाचं वजन करत होत्या. मी परिपत्रक दाखवलं. या वेळी तीन ठिकाणी पेनानं खूण केली होती आणि प्रत्येक आकड्याची बेरीज समासात लिहिली होती.

त्यांनी कागद घेतला नाही. "मॅडम, पुन्हा बारावी? आता चव्वेचाळीसची झाली मी. लोक हासून राहिले. मिस्टर काही म्हणत नाहीत, पण थेही थकले. राहू द्या."

मी परत फिरणार होते. तेवढ्यात आचल आतून बाहेर आली. तिनं माझ्या हातातून परिपत्रक घेतलं आणि वाचलं.

"आई, तुहा फिजिक्स कच्चा हाये," ती म्हणाली. "तू सूत्र पाठ करतेस. पाठ करून थोडीच होते! मी शिकवतो."

"तुले लाज वाटत होती ना?"

"वाटत होती. तुले माह्यापेक्षा जास्त मार्क पडले तेव्हा जास्तच वाटली." मग म्हणाली, "पण दोन मार्कांसाठी राहिलेली बाई म्हणून लोक तुले ओळखतीन, त्याची त्याहून जास्त वाटीन."

बाळ तोवर वजनाच्या झोळीतच लटकत होतं. सुनंदाबाईंनी आकडा वाचला, वहीत लिहिला, बाळ आईच्या हातात दिलं आणि मग परिपत्रक मागून घेतलं.

मधल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले की मॅडमच्या हातून एकही चूक झाली नाही. मी उभी राहून ते दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही. शाल घेतली. आज इथे करते आहे.

मुक्त विद्यालयाच्या बारावीत त्यांना भौतिकशास्त्रात अठ्ठावन्न, रसायनशास्त्रात एकोणपन्नास आणि जीवशास्त्रात चौसष्ट पडले. नीटला पुन्हा रेषेच्या वर राहिल्या, पहिल्यापेक्षा सात गुणांनी कमी, पण वर. शेवटच्या फेरीत नागपूरच्या पलीकडच्या एका होमिओपॅथी महाविद्यालयात जागा लागली.

प्रवेशाच्या दिवशी धान कापणी चालू होती, त्यामुळे त्यांचे मिस्टर येऊ शकले नाहीत. आम्ही तिघी गेलो. प्रवेशाच्या टेबलावर एक तरुण लिपिक होता. त्यानं कागद एकेक करून पालथे घातले. विवाहाचा दाखला, राजपत्र, जातीचा दाखला, जात वैधतेचं प्रमाणपत्र. गुणपत्रिकेवर आल्यावर त्यानं पेन्सिल घेतली आणि तीन विषयांसमोर टिंबं दिली. अठ्ठावन्न, एकोणपन्नास, चौसष्ट. एकशे एकाहत्तर. मी त्याच्या पेन्सिलीकडे पाहत होते. त्यानं खालची छापील टक्केवारी पाहिली नाही. मला तो फार आवडला.

मग त्यानं शेवटचा कागद पुढे केला. "यावर पालकांची सही लागेल."

"उमेदवार पंचेचाळीस वर्षांच्या आहेत," मी म्हटलं.

"हो, पण रकाना आहे. पालकाची सही नसेल तर पुढे घेत नाहीत." त्याचा नाइलाज मला कळत होता. मीही त्या जागी तेच म्हटलं असतं. "वडील?"

"वारले," सुनंदाबाई म्हणाल्या. "आईपण."

"मिस्टर?"

"वावरात हायेत."

तो पेन्सिल टेबलावर टेकवत राहिला. मागे रांग होती. मी त्याला विचारलं, "पालक उमेदवारापेक्षा वयानं मोठा असावा, असं कुठे लिहिलं आहे का?"

त्यानं माहितीपुस्तिका उघडली. खरंच शोधलं, मागचं पान, पुढचं पान. शेजारच्या टेबलावर विचारून आला. "असं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "फक्त सज्ञान पाहिजे."

मी आचलचं आधार कार्ड काढलं. एकोणीस पूर्ण. दोनदा मोजलं.

आचलनं कागद पुढ्यात ओढला. 'पाल्याच्या वर्तनाची व हजेरीची जबाबदारी माझी राहील' असं छापलेलं होतं, ते तिनं पूर्ण वाचलं. खाली सही केली. उमेदवाराशी नातं या रकान्यात लिहिलं, मुलगी. मग पेन आईच्या हातात देत म्हणाली,

"वर्गात पुढच्या बाकावर बसजो. आणि समजलं नाही तं विचारजो."